एकतीस घरांचं बोलावणं

"एवढ्या थंडीत आपण येऊन उभ्या राहिलो, आणि ज्यांच्यासाठी आलो तेच नाहीत बघ."

आहेर काकू माझ्या मागे उभ्या होत्या. हे त्या मला म्हणाल्या नव्हत्या, शेजारच्या बाईंना म्हणाल्या होत्या, तेही अगदी हळू. पण दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं होतं, आणि अशा वेळी कुजबुजलेलंही लांबवर ऐकू जातं. माझ्या हातात मेणबत्ती होती. मेण बोटांवर ओघळू नये म्हणून आम्ही कागदी कपांच्या बुडाला भोकं पाडून मेणबत्त्या त्यांत बसवल्या होत्या. तरी ओघळलंच. चटका बसला, पण हात हलवला तर सगळे बघतील म्हणून मी तशीच उभी राहिले.

मग मान न वळवता नुसते डोळे फिरवले. कॉलनीच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या टाकीपासून झोपाळ्यांपर्यंत बायका उभ्या होत्या. त्यांच्या मागे स्वेटर आणि माकडटोप्या घातलेले पुरुष, पुढे मुलं. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष कुलकर्णी काकू डोळे मिटून उभ्या. आई शालीत. सगळे होते. सोळा नंबरचे पगारे नव्हते. पगारे मॅडम नाहीत, सर नाहीत, त्यांचा मुलगा सुमेध नाही.

आणि आम्ही जमलो होतो ते सुमेधला झालेल्या मारहाणीचा निषेध करायला.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. सकाळी खिडकी उघडली की समोरचा बंगला दिसत नाही इतकं धुकं असतं. निफाडचा पारा कितीवर आला हे बाबा पेपरातून मोठ्याने वाचतात आणि जणू तो त्यांनीच खाली आणला अशा अभिमानाने चहा मागतात. गंगापूर रोडला हातगाड्यांवर द्राक्षं आलीत, अजून आंबटच. बोरं, ओला हरभरा, उसाची कांडी. स्वयंपाकघरात तीळ भाजायला घेतले की एक क्षण असा येतो की सगळे एकदम तडतडतात आणि आई ओरडते, "गॅस बंद कर, जळतील!" पलंगाखाली खोक्यात वाण येऊन पडलंय. यंदा चहाच्या गाळण्या आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या कॉलनीत एक दिवस असा जात नाही की कुणाकडे हळदीकुंकू नाही. संध्याकाळी काळ्या साड्यांतल्या बायका या फाटकातून त्या फाटकात जाताना दिसतात, हातात वाणाची पिशवी, केसांत गजरा आणि वर मफलर.

लहानपणी मला हे दिवस फार आवडत. खरं तर मला माणसांत जायला नको वाटायचं. शाळा इंग्रजी. वर्गात मराठीतून बोललं की डायरीत शेरा, आणि घरी मराठीतून बोललं की हशा. एकदा मी "आंघोळ घेऊन येते" म्हणाले, तर मामा दिवसभर विचारत राहिला, "कुठून घेतलीस गं? केवढ्याला दिली?" तेव्हापासून तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायचे. तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची.

पण हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मी जायचे. कारण त्याचं वाक्य तयार होतं. आईने ते मला सातव्या वर्षी पाठ करून दिलं. "आईने हळदीकुंकवाला बोलावलंय, पाच ते आठ, नक्की या." यात चुकायला काही जागा नव्हती. दार उघडलं की वाक्य म्हणायचं, समोरून "हो गं सोन्या, येते हं" ऐकायचं, हातावर ठेवलेला तिळाचा लाडू घ्यायचा आणि पुढचं फाटक. एकतीस घरांत एकतीस वेळा मी न अडखळता मराठी बोलायचे. शेवटच्या घरापर्यंत आवाजसुद्धा मोठा झालेला असायचा. कॉलनीत माझी ओळखच ती झाली. कुणाकडेही कार्यक्रम असला की "सईला पाठव ना, ती बरोबर फिरते." कॉलेजात गेले, नोकरी लागली, घरून लॅपटॉपवर काम सुरू झालं, तरी जानेवारीत ते काम माझंच राहिलं.

आमचं धरून कॉलनीत चौतीस घरं आहेत. आईची एक निळी वही आहे, तिच्यात आडनावं आणि बंगल्यांचे नंबर ओळीने लिहिलेत. वही मला कधी उघडावी लागली नाही. पायांना पाठ होतं. एक ते पंधरा एका बाजूने. पंधराच्या फाटकातून बाहेर पडलं की रस्ता ओलांडून सतरा.

मधल्या सोळाबद्दल मी एकदाच विचारलं होतं. आठ-नऊ वर्षांची असेन. "आई, सुमेधकडे नाही जायचं?"

आई वाती वळत होती. "त्यांच्यात नसतं गं हे. ते बौद्ध आहेत ना. उगाच त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं."

मला ते पटलं. आई त्यांचाच विचार करते आहे असं वाटलं, आणि आईलाही तसंच वाटत होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. आमच्यात येणंजाणं होतं. सुमेध माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही नऊ वर्षं एकाच व्हॅनने शाळेत गेलो. मी खिडकीशी गप्प बसायचे आणि तो व्हॅनवाल्या काकांना विनोद सांगायचा, इतके वाईट विनोद की काका गाडी बाजूला घेऊन हसायचे. एकदा माझी किल्ली हरवली तर दुपारभर मी त्यांच्याकडे होते. मॅडमनी कांदेपोहे केले, वर शेव घालून. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांचं मोठं कपाट, आणि त्या कपाटासमोर पालथं पडून मी गृहपाठ केला. संध्याकाळी आईने त्यांना डबाभर गुळपोळ्या पाठवल्या. त्यामुळे आम्ही 'तसले' नाही, हे आमच्या घरात कुणी कधी म्हणूनही दाखवलं नाही. गरजच वाटली नाही.

गेल्या वर्षी, संक्रांतीला आठवडा राहिला होता तेव्हाची गोष्ट. पगारे मॅडम सायखेड्याच्या अलीकडे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्या दिवशी त्यांची एसटी चुकली म्हणून सुमेध मोटरसायकलवर त्यांना आणायला गेला. शाळा सुटायला वेळ होता. तो गावात शिरल्यावर देवळासमोरच्या ओट्यावर बसला आणि फोन बघत राहिला. तिघं आले. त्याच्याच वयाचे.

"कुठला रं तू?"

"नाशिक."

"नाव काय?"

त्याने नाव सांगितलं.

"नाय, पुढचं. आडनाव सांग."

त्याने तेही सांगितलं. सुमेध लपवणाऱ्यातला नव्हताच.

"मग हितं कसा काय बसला? लय शाना हाय का?"

तो उठून निघाला होता. मॅडम सांगत होत्या, तो उठला होता, मोटरसायकलला किल्लीही लावली होती. द्राक्षाच्या बागेला लावायचे लोखंडी अँगल शेजारी रचून ठेवलेले होते. त्यातला एक त्यांनी उचलला.

मनगट मोडलं. डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं, आणि ते परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मॅडम धावत पोचल्या तेव्हा त्यांच्या वर्गातली मुलं रांगेत उभी राहून बघत होती. आणि त्या तिघांतल्या एकाला मॅडमनीच पहिलीत पाटीवर हात धरून अक्षरं गिरवायला शिकवली होती. आई त्यांना घरी भेटून, फळं देऊन आली आणि हे सगळं सांगताना इथे येऊन थांबली. "हात धरून गं," एवढंच पुन्हा म्हणाली. मी खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला आणि अर्धा तास एकाच मेलकडे बघत बसले. व्हॅनमध्ये तो नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायचा. म्हणजे माझ्या बाजूला त्याचा डावा कान असायचा, हे मला उगाचच आठवत राहिलं.

पोलिसांत तक्रार झाली. पण कागदावर 'किरकोळ वादातून भांडण' असं आलं. पेपरात चार ओळी आल्या, त्यातही भांडणच. त्यावर कुलकर्णी काकू पेटून उठल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. पेटून उठल्या की आधी यादी करतात. पत्रकं वाटायची, फलक लिहायचे, रविवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावून मूक निषेध करायचा, आणि त्याच वेळी निवेदनावर सगळ्या कॉलनीच्या सह्या घ्यायच्या: हे भांडण नव्हतं, जात विचारून केलेला हल्ला होता, आणि गुन्हा तसा नोंदवा. "सह्या पगाऱ्यांसमोरच करू," काकू म्हणाल्या. "आपण पाठीशी आहोत हे त्यांना दिसलं पाहिजे. सोमवारी पगारे सरांना पुढे करून आपण दहाबारा जणी निवेदन द्यायला जाऊ."

फलक लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन इंग्रजीत आणि बाकी मराठीत. मी कुलकर्णी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर कार्डपेपर पसरून बसले होते.

"नाव लिहायचं ना सुमेधचं?" मी विचारलं.

"नको बाई," काकू म्हणाल्या. "नाव आलं की आडनाव आलं. आडनाव आलं की सगळंच आलं. मग चार लोक येणार नाहीत. 'द्वेष नको, माणुसकी हवी' असं लिही. सगळ्यांना चालेल."

मी लिहिलं. ठळक, निळ्या मार्करने. चांगलं अक्षर आलं म्हणून मला बरंही वाटलं.

बोलावणं कसं करायचं यावरही बोलणं झालं. मेसेज नको, असं ठरलं. "ग्रुपवर टाकलं की स्क्रीनशॉट कुठल्या कुठे जातो. सईला पाठवा. ती घर न् घर फिरते." आईने कपाटातून निळी वही काढून माझ्या हातात दिली, सवयीने. मीही ती सवयीने न उघडता काखेत धरली आणि निघाले. फक्त वाक्य नवं होतं. "सुमेधला मारलं त्याच्या निषेधाला जमायचंय, रविवारी साडेसहाला टाकीजवळ, मेणबत्ती घेऊन या." सकाळभर मी ते घोकलं होतं. पहिल्या घरी आवाज कापला, पाचव्या घरापर्यंत बसला.

"हो हो, येतो ना. फार चांगला मुलगा."

"काही गडबड नाही ना होणार? नाही, आमच्या ह्यांना बीपी आहे म्हणून विचारलं."

"ये, तीळगूळ तरी घेऊन जा. मेणबत्ती वाढदिवसाची चालेल का गं?"

त्या दिवशी घरी येताना मला वाटलं होतं की मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं. हातात आठ लाडू होते.

तर त्या रविवारी आहेर काकूंचं ते वाक्य माझ्या मानेवर येऊन पडलं, आणि मी डोळे फिरवून माणसं शोधायला लागले. पगारे नाहीत. का नसतील? सुमेधला बरं नसेल. पण सर? मॅडम? मग माझ्या लक्षात आलं की सोमण आजीही नाहीत. तेवीस नंबरच्या सोमण आजी, एकट्या राहतात. सुमेध दवाखान्यात होता तेव्हा दोन रात्री मॅडमबरोबर थांबलेल्या त्या एकट्याच. तो घरी आल्यावर रोज सकाळी जाऊन त्याच्या उजव्या बाजूला बसून त्याला पेपर वाचून दाखवणाऱ्या. सबंध कॉलनीत एक माणूस नक्की येणार असेल तर त्या. त्या का नाहीत?

आणि मला माझे पाय आठवले.

पंधरा, मग रस्ता ओलांडून सतरा. बावीस, मग चोवीस.

मी बोलावणं करायला लागले त्याआधीच सोमण आजोबा गेले होते, आणि त्या वर्षी आईने वहीत त्यांच्या नावावर पेन्सिलीची एक बारीक रेघ मारली होती, कारण विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. आणि सोळा नंबर वहीत कधी आलाच नव्हता. मी निषेधाचं बोलावणं करायला निघाले आणि हळदीकुंकवाच्या वाटेने फिरून आले. सुमेधचं नाव घेत मी एकतीस दारं वाजवली. त्याचं दार सोडून.

दोन मिनिटं संपली होती. कुलकर्णी काकू "आपल्या कॉलनीतल्या एका मुलावर" असं काहीतरी बोलत होत्या आणि मला ते पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं. नंतर त्या निवेदनाचा कागद हातात घेऊन म्हणाल्या, "थांबू या दहा मिनिटं. येतील." सगळे थांबले. सोळा नंबर तिथून दिसतो. दोन गल्ल्या ओलांडून, वरच्या खिडकीत दिवा होता. दहा मिनिटं तीस-एकतीस कुटुंबांतली माणसं त्या खिडकीकडे बघत उभी होती. कुणी म्हणालं नाही की जाऊन बोलावून आणू. 'मी जाऊन येते' हे तीन शब्दांचं वाक्य मी मनात दोनदा म्हणून बघितलं. तोवर लोक मेणबत्त्या फुंकून निघायला लागले होते. सह्या झाल्या नाहीत. काकूंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

घरी येऊन मी आईला सांगितलं. वही उघडून तिच्यासमोर धरली. आईने चष्मा लावून ओळीवरून बोट फिरवलं. पंधरा, सतरा. बोट तिथे थांबलं.

"अगं बाई," ती म्हणाली. चष्मा काढून पदराला पुसला. मग, "त्यांना काय सांगायचं, त्यांचंच तर होतं. मला वाटलं कुलकर्णी वहिनींनी सांगितलं असेल."

"त्यांना वाटलं असेल मी सांगितलं."

"राहून गेलं. मुद्दाम थोडंच केलं आपण? आता हे कुणाला सांगत बसू नकोस सई. सगळ्यांचाच विरस होईल. आणि त्यांना कळलं तर किती वाईट वाटेल, विचार कर."

पुन्हा त्यांचाच विचार. मी वही मिटली.

पुढच्या चार दिवसांत कॉलनीचं बोलणं फिरलं. इतक्या लवकर फिरलं की मला भीती वाटली. मंगळवारी भाजीवाल्याच्या गाडीपाशी, "घरात दिवा होता हो, मी स्वतः पाहिला." बुधवारी एकांकडे हळदीकुंकवाला, गुळपोळी खाताखाता, "त्यांचे लोक असतील त्यांच्यामागे, आपली काय गरज." गुरुवारी खुद्द कुलकर्णी काकू आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "त्यांनाच नको असेल तर आपण कशाला पुढे पुढे करायचं? तो कागद आहे पडलेला." त्या दुष्ट नाहीत. त्या दुखावल्या होत्या. ज्याच्यासाठी रांगोळी काढावी तो पाहुणा दारावरून निघून जावा तशा. आणि मी शेजारी उभी राहून त्यांना पाणी दिलं.

शुक्रवारी मी सोळा नंबरला गेले. सगळं सांगायचं ठरवून. सुमेधने दार उघडलं. हाताला प्लास्टर. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, पण तो डोकं एका बाजूला किंचित वळवून बघत होता, चिमणी बघते तसं. मी काहीतरी पुटपुटले.

"या बाजूने बोल," तो उजवा कान पुढे करत म्हणाला. "आणि तू तर मुळात व्हॅनमध्येही ऐकू यायची नाहीस. आता मला स्पीकरच लावावा लागेल तुझ्यासाठी."

मला हसू आलं नाही. तो मात्र हसला, जबड्याला हात लावून.

मॅडम आतून चहा घेऊन आल्या. माझ्या समोर बसल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, शाळेत रुजू झालेय म्हणाल्या. "वर्गात शिरले तर सगळी पोरं उभी राहिली आणि एकानेही 'नमस्ते बाई' म्हटलं नाही. खाली बघत होती." मग कप खाली ठेवत अगदी सहज म्हणाल्या, "रविवारी टाकीपाशी कशाचा कार्यक्रम होता गं? एवढे दिवे लावले होते. आम्ही तिघं खिडकीतून बघत होतो. छान दिसत होतं. सुमेध म्हणाला, कुणाचा वाढदिवस आहे वाटतं."

त्यांना माहीतच नव्हतं.

मी आत्तापर्यंत समजत होते की त्यांना राग आला असेल, अपमान वाटला असेल. त्याची मी तयारी केली होती. आमच्या निळ्या अक्षरांत कुठेही नाव नव्हतं, आम्ही मूक होतो, आणि दोन गल्ल्या पलीकडे आपल्याच मुलासाठी लावलेल्या मेणबत्त्या बघून ती माणसं छान दिसतंय म्हणत होती. आम्ही त्या खिडकीकडे बघत होतो आणि ते आमच्याकडे.

"असंच," मी म्हणाले. "कॉलनीचं होतं काहीतरी."

हे मी म्हणाले. चहा संपवला. घरी आले. ते वाक्य मला दोनदा मनात म्हणून बघावं लागलं नव्हतं, किती पटकन आलं ते.

यंदा बोलावणं करायला मी निघाले तेव्हा पंधराच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला नाही. सरळ चालत सोळाचं फाटक उघडलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्ही हे करत नाही गं सई. हळदीकुंकू, वाण, काही नाही. तुझ्या आईला माहीत आहे ते." मी मान हलवली. त्या पुढे म्हणाल्या, "पण नाही म्हणायचं असेल तर ते मला म्हणू दे ना. वीस वर्षांत मला ती संधी मिळाली नव्हती." त्या हसल्या, अगदी थोडं. "बस. चहा टाकते." सुमेधच्या डाव्या कानामागे आता यंत्र आहे. त्याचा फार उपयोग नाही असं तो म्हणतो. केस सुरू आहे, तारखा पडतात. तारखेच्या दिवशी मॅडम शाळेतून रजा घेतात आणि कधी सोमण आजी, कधी मी बरोबर जाते. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही डब्यातलं खातो.

पण मला जे सांगायचंय ते गेल्या वर्षीच्या रथसप्तमीचं. आमच्याकडचं हळदीकुंकू दरवर्षी त्याच दिवशी असतं, मोसमातलं शेवटचं. सकाळी अंगणात गोवरीवर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवलेलं, त्याचा धुरकट वास अजून घरात होता. संध्याकाळी हॉल भरला. आई हळदीकुंकू लावत होती, मी तिच्यामागून गुलाबदाणी घेऊन गुलाबपाणी शिंपडत होते आणि मनगटांना अत्तर लावत होते. हेही माझंच काम, कारण यात बोलावं लागत नाही.

आहेर काकूंच्या मनगटाला अत्तर लावत होते तेव्हा त्या पलीकडे बघून म्हणाल्या, "काही म्हणा, मला त्या रविवारचं अजून लागतं. थंडीत पोरंबाळं घेऊन उभ्या राहिलो. साधं दाराबाहेर येऊन हात जोडायचे तरी."

"जाऊ दे हो," कुलकर्णी काकू म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली. "हा तो कागद अजून फिरतोय माझ्याबरोबर. फाडून टाकते, म्हणजे विषय संपला."

तो कागद मी ओळखला. चार घड्या. त्या घड्यांच्या आत लिहिलं होतं की ते भांडण नव्हतं. काकू फाडायला तो दोन्ही हातांनी धरत होत्या.

"बोलावलं नव्हतं," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. आईने ऐकलं. तिच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'नको' होतं, आणि थोडं आणखीही काही होतं, ते काय हे मला आजवर नीट कळलेलं नाही.

"काय गं?" कुलकर्णी काकू म्हणाल्या. "मोठ्याने बोल की. एवढ्या वर्षांची झालीस, अजून तोंडातल्या तोंडात."

मी गुलाबदाणी टीपॉयवर ठेवली. हॉलमध्ये एकतीस घरं बसली होती. प्रत्येकीच्या दारात मी गेले होते, प्रत्येकीने मला लाडू दिला होता. या वेळी वाक्य तयार नव्हतं आणि मी ते मनात म्हणूनही बघितलं नाही.

"त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मी हळदीकुंकवाच्या यादीने फिरले आणि सोळा नंबर त्या यादीत नाहीये. सोमण आजीही नाहीयेत. तुम्ही सगळ्या आलात, कारण मी तुमच्याकडे आले. त्यांच्याकडे मी गेलेच नाही. त्या मेणबत्त्या सुमेध पगारेसाठी होत्या हे सुमेध पगारेला माहीत नाहीये. त्याला वाटतंय, कुणाचा तरी वाढदिवस होता. तो कागद फाडू नका, काकू. मी आत्ता त्यांच्या दारात जाऊन हे सगळं सांगणार आहे, त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून, मोठ्याने. कोण येतंय माझ्याबरोबर?"